पायऱ्यांवरून माणूस ओळखणारे डॉक्टर

डॉक्टर माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, तरी मला मावशी म्हणायचे. एकदा मी हटकलं, तर म्हणाले, "दवाखान्यात चहा करते ती मावशी. वयाचा संबंध नाही."

मी म्हटलं, "मग चहा तुम्ही करा. मी तुम्हाला काका म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच चहा केला. तो पिऊन एक पेशंट न तपासताच घरी गेला. तिसऱ्या दिवसापासून मी पुन्हा मावशी झाले.

मी चौथीपर्यंत शिकलेली. नवरा गेल्यावर काम बघत होते, तेव्हा भाईंदरच्या नवघर रोडवर या हार्टच्या डॉक्टरांना बाई पाहिजे असं कळलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली फरसाणचं दुकान, वर जायला एकवीस पायऱ्या, लिफ्ट नाही. मला वाटलं जागा स्वस्तात मिळाली असेल. पण नाही, त्यांनी ती हुडकून काढलेली होती. दुसरे हार्टवाले डॉक्टर तळमजला बघतात. हे म्हणायचे, "माझं पहिलं मशीन जिना आहे."

जिन्याच्या वरच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचं आणि येणारा माणूस कितव्या पायरीवर थांबतो ते वहीत लिहायचं, हे माझं पहिलं काम. मी हसले होते. पण आठवड्यात मला कळलं की छातीत कळ आलेला माणूस कळ आली असं कधी सांगत नाही. तो चपलेचा पट्टा बघतो. नाहीतर खिशातून मोबाईल काढतो आणि नंबर शोधत उभा राहतो. बायका मागे वळून खाली दुकानात बघतात, जसं काही पापडी घ्यायची राहिली. मी लिहायचे, ‘बारा, मोबाईल.’ ‘नऊ, पापडी.’ डॉक्टर ती वही आधी वाचायचे आणि मग माणसाला आत घ्यायचे.

कसं वाटतंय, असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. म्हणायचे, त्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘बरं आहे’. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं मरायला टेकली तरी बरं आहे म्हणतात. ते विचारायचे, "काल पिशवी घेऊन वर चढलात तेव्हा कुठे टेकलात?" आणि माणूस गोंधळून खरं बोलायचा.

त्यांना नावं लक्षात राहत नसत. पायऱ्या राहत. "चौदावाले आले का?" असं विचारायचे. एकदा एका चांगल्याभल्या माणसाला बाजारात गाठून आपल्या बायकोला ओळख करून दिली, "हे आपले अकरा." तो माणूस घरी जाऊन चार दिवस झोपला नाही. अकरा काय, अकरा दिवस की अकरा महिने? शेवटी मुलाला घेऊन विचारायला आला. डॉक्टरांनी त्याला खाली पाठवून पुन्हा चढायला लावलं आणि म्हणाले, "आता तेरा झालात. अभिनंदन."

दुसरी खोड खोडण्याचीच. नवं औषध तपासायचा जो अभ्यास असतो त्याच्या कागदावर चूक झाली तर ती गिरवून काळी करायची नाही, असा नियम आहे. एक सरळ रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही, तारीख. हे कागदापुरतं ठीक. पण त्यांनी ते आयुष्याला लावलं. किराणाच्या यादीत तूरडाळ खोडून मूगडाळ केली तरी सही आणि तारीख. एकदा वाण्याने ती यादी सरकारी कागद समजून जपून ठेवली. माझ्या रजेच्या चिठ्ठीत मी मंगळवारचा बुधवार केला, तो नीट खोडला नाही म्हणून मला परत लिहायला लावली. मी म्हटलं, "डॉक्टर, मला बुधवारी भाचीच्या घरी जायचंय, इतकंच आहे त्यात." तर म्हणे, "पण आधी मंगळवारी जाणार होतात, हे का लपवायचं?"

आता अभ्यासाचं सांगते. एका कंपनीने हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांसाठी एक गोळी काढली होती. चालताना, चढताना छातीत भरून येतं, ते त्या गोळीने कमी होतं का, हे बघायचं होतं. ठिकठिकाणी दवाखाने निवडले होते, त्यात आमचा एक. पेशंटनी आपली नेहमीची औषधं घ्यायचीच, वर ही एक. पण गंमत अशी की निम्म्या बाटल्यांत औषधाची गोळी आणि निम्म्यांत नुसती गोळी, आत काही नाही. रंग, रूप, चव सारखी. कोणाला कुठली, ते पेशंटला माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. ते कंपनीच्या कॉम्प्युटरला ठाऊक.

हे लोकांना समजावणं माझ्या वाट्याला आलं. नवघरात एकही माणूस यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

"डॉक्टरला माहीत न्हाय म्हंजे? मग तो कसला डॉक्टर?"

"माहीत नाही म्हणूनच तर बघायचंय."

"बाय, तुला तरी माहीत हाय का?"

"मलाही नाही."

"तू सांगत न्हायस."

डॉक्टरांना मात्र ‘मला माहीत नाही’ हे म्हणताना फार बरं वाटायचं. दुसरे डॉक्टर औषध देताना मान ताठ करतात, आमचे ‘माहीत नाही’ म्हणताना करायचे. त्यापायी काही पेशंट सोडून गेले. त्यांना सगळं माहीत असलेला डॉक्टर हवा होता. तसे भाईंदर पूर्वेला भरपूर आहेत.

त्यांना या अभ्यासातून काय मिळणार, हेही सांगते. अभ्यास पुरा झाला की तो परदेशातल्या मासिकात छापून येतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात भाग घेतलेल्या डॉक्टरांची नावं असतात. खूप नावं, मुंगीएवढी. त्यात यांचं एक येणार होतं. इतकी वर्षं नवघरात माणसं तपासली, नाव फक्त पाटीवर होतं, आणि त्या पाटीवरही फरसाणवाल्याने झालर लावून ठेवलेली. ते मुंगीएवढं नाव त्यांना हवं होतं. बोलून दाखवायचे नाहीत. पण एकदा मी टेबल पुसत होते तर अशाच कुठल्या जुन्या मासिकाचं शेवटचं पान उघडं होतं, आणि यांनी पेनाच्या टोकाने आपल्या नावाच्या अक्षराची जागा शोधून तिथे बारीक टिंब दिलेलं. शेजारी सही, तारीख.

अभ्यासात पेशंटला ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून छातीची ईसीजीची पट्टी काढायची असते. पट्टा हळूहळू वेग घेतो आणि वर उचलला जातो. पुरुषांसमोर साडी खोचून पळायला बायका तयार होईनात, म्हणून शुक्रवार बायकांचा केला. शुक्रवारच्या चौघी. उत्तनची मार्सेलीनबाय, मासळी विकणारी, आवाज असा की पट्टी न लावताच कळावं हृदय चालू आहे. इंद्रलोकच्या जयाबेन, मऊ, घाबरट, देवाचं नाव घेतल्याशिवाय बुटात पाय न घालणाऱ्या. आणि नवघरच्या दोघी जावा, थोरली आणि धाकटी. एकाच घरात राहत, एकाच चुलीचं जेवत आणि एकमेकींशी बोलत नसत. रक्तवाहिन्या दोघींच्याही तुंबलेल्या. डॉक्टर म्हणायचे, असं घर पुस्तकात सापडत नाही.

पहिल्या दिवशी मी पट्ट्यावर चालून दाखवलं. मग मार्सेलीनबाय चढली. दोन मिनिटं गेली, वेग वाढला, तशी ओरडली, "अरे डॉक्टर, कुठं नेतोस मला? इतकी चालले तरी हाय तिथंच हाय!"

जयाबेन खाली बसून म्हणाल्या, "मार्सेलीन, तू बोलू नको, साँस जाते."

"साँस माझी हाय, जाऊ दे."

भांडण सुरू झालं ते जावांचं. तीन महिन्यांनी थोरली अठराव्या पायरीपर्यंत न थांबता यायला लागली. धाकटी तेराव्यालाच चप्पल बघत उभी. धाकटीने बाकावर बसून भिंतीला सांगितलं, "काही लोकांना खरी गोळी मिळते. काही लोकांचं नशीबच खोट्या गोळीचं."

थोरलीने छताला सांगितलं, "लोकांनी सासूची सेवा केली असती तर लोकांनाही खरी मिळाली असती."

जयाबेन म्हणाल्या, "मला पण लागतंय की माझी नकली आहे. रात को फिर वही जळजळ."

मार्सेलीनबायने टोपली खाली ठेवली. "मग भांडता कशाला? होडीवर काय करतात? मासळी आली की वाटे घालतात. चार बाटल्या एकात ओता, वाटे घाला. खरी-खोटी काय असंल ती सगळ्यांना थोडी थोडी."

आता इथे मी काय केलं ते लिहिते. मी परात आणून दिली.

मला ते बरोबर वाटलं. एकीला औषध आणि एकीला नुसता खडू, यात मला काही न्याय दिसत नव्हता. डॉक्टर हॉस्पिटलात राउंडला गेले होते. चार नव्या बाटल्या परातीत ओतल्या, कागदावर चार ढीग केले, गोळी गोळी मोजून. मार्सेलीनबायने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. उत्तनला अशीच पद्धत, एकाने पाठ करायची, म्हणजे मोठा वाटा आपल्या माणसाला जात नाही. तिने एका ढिगावर बोट ठेवलं.

"हा कुनाचा?"

"धाकटीचा."

"हा?"

"जयाबेनचा."

कोणाची तक्रार नाही. महिन्याला नव्या बाटल्या आल्या की त्याच शुक्रवारी वाटे. असे पाच महिने चाललं. उरलेल्या गोळ्या परत मोजून घ्यायचं कामही माझंच. एकही कमी-जास्त आली नाही.

आणि चौघींच्या पायऱ्या वाढायला लागल्या. धाकटी सतराला पोचली. मार्सेलीनबाय तर एकवीस चढून वर माझ्या स्टुलावर बसायची आणि मला उठवायची. पट्ट्यावरही चौघी आधीपेक्षा जास्त टिकायला लागल्या. मी खूश. बायका खूश. जावा एकमेकींशी बोलायला लागल्या, आधी गोळ्यांबद्दल, मग सासूबद्दल.

डॉक्टर मात्र वाळायला लागले. चौघींत कोणाची तरी नुसती गोळी असणार, मग चौघी एकदम कशा वाढल्या, हे त्यांच्या डोक्यात बसेना. आधी घड्याळावर संशय घेतला, नवं आणलं. मग जिन्यावर. एका रविवारी मोजपट्टी घेऊन एकवीस पायऱ्या मापल्या. फरसाणवाल्याला वाटलं बिल्डिंग पाडणार, तो वर धावत आला. मग पट्ट्याचा मेकॅनिक बोलावला. त्याने तीनदा पट्टा उघडला आणि तीनदा बंद केला. शेवटी संशय स्वतःवर घेतला. म्हणाले, "मीच नकळत हसतो, मान डोलावतो. मग बायका मला खूश करायला जास्त चालतात." म्हणून दोन शुक्रवार त्यांनी खुर्ची फिरवून, भिंतीकडे तोंड करून प्रश्न विचारले.

जयाबेन मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब आमच्यावर रागावलेत काय?"

त्याच भिंतीकडे तोंड करून मी दर महिन्याला उभी राहत होते.

तिसऱ्या शुक्रवारी ते कंपनीला पत्र लिहायला बसले. मला म्हणाले, "मावशी, पट्टा बिघडलेला आहे असंच लिहावं लागेल. दुसरं कारण सापडत नाही. आपल्या दवाखान्यातले सगळे पेशंट अभ्यासातून काढावे लागतील. तयारीपासूनची दोन वर्षं गेली."

नोकरी जाईल म्हणून मी पाच महिने गप्प होते. ते मला नाकारायचं नाही. पण सगळे म्हणजे सगळे पुरुषही, जे रोज मुकाट्याने आपापली गोळी खात होते. मी दार लावलं आणि सांगितलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही ओढली.

"भिंतीवर आरसा होता?"

"नाही. कॅलेंडर."

"काच लावलेलं?"

"पुठ्ठ्याचं."

"म्हणजे तुम्हाला ढीग दिसत नव्हता. आणि बोट ठेवणारीला तुम्ही कोणाचं नाव घेणार ते माहीत नव्हतं."

"नाही."

"ढीग सारखे होते?"

"मोजून सारखे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, याच कामाला कंपनीने कॉम्प्युटर ठेवलाय. तुम्ही परातीत केलंत." मग ते बाहेर गेले. जिना उतरल्याचा आवाज आला, मग चढल्याचा, मग पुन्हा उतरल्याचा. चार वेळा. परत आले तेव्हा तोंड लाल होतं. आता मात्र ओरडले. पाऊण तास ओरडले. ते मी लिहीत नाही, कारण सगळं बरोबर होतं.

त्यांचा श्वास बसल्यावर मी म्हटलं, "चौघी सोडून गेल्या असं लिहा. गावाला गेल्या. कोण विचारायला येतंय?"

"उद्या चुकीच्या आकड्यांवर ही गोळी चांगली ठरली तर लोक तिच्या भरवशावर चढतील," ते म्हणाले. "आणि खोटी ठरली तर जी खरंच चांगली होती ती फेकून देतील. दोन्हीकडे माणूस जिन्यातच उभा असणार, मावशी."

"पण तुमचं नाव जाईल."

त्यांनी कंपनीचं पत्र बाजूला सारलं. मला कोरा कागद दिला आणि जे झालं ते माझ्या हाताने लिहायला लावलं. परात, वाटे, भिंत, सगळं. एका जागी मी ‘मला माहीत नव्हतं’ असं लिहून गेले. मग त्यांच्याकडे बघून ते खोडलं, एक रेघ, सही, तारीख. आजही तो कागद कुठल्याशा कपाटात असेल, आणि आधी मी काय खोटं लिहिलं होतं ते वाचता येत असेल.

कंपनीचा माणूस आला. गोरा, मऊ बोलणारा, हातात लॅपटॉप. त्याच दिवशी चौघींना कोणी सांगितलं काय माहीत, चौघी हजर. मार्सेलीनबायने त्याच्या लॅपटॉपशेजारी केळीच्या पानात गुंडाळलेली पापलेटं ठेवली.

"घे, ताजी हाय. डॉक्टरला काय करू नको. आम्ही केलं ते."

तो म्हणाला, "मॅडम, मी शाकाहारी आहे."

"मग घरच्यांना दे."

"घरचेही."

"अरे देवा," मार्सेलीनबाय जयाबेनकडे वळली, "हा तुझ्यातला निघाला. तू बोल."

जयाबेन रडायला लागल्या. थोरली म्हणाली, "ह्या आमच्या धाकटीला नका ओरडू, तिला दम लागतो." धाकटीने तिच्याकडे असं बघितलं, मला वाटलं आता पडते की काय.

काही उपयोग झाला नाही. पुरुषांचं काम ग्राह्य धरलं, पण ते पुढे दुसऱ्या दवाखान्याकडे गेलं. आमच्याकडचा अभ्यास बंद. पट्टा उचलून नेला. नावांच्या यादीतून डॉक्टरांचं नाव काढलं. दवाखान्यात दोन माणसांचं काम उरलं नाही, म्हणून मी मुलीकडे इंद्रलोकला राहायला गेले. डॉक्टरांनी मला काढलं नाही, मीच गेले. त्यांना चहा स्वतः करावा लागणार याचं वाईट वाटलं, पेशंटसाठी.

त्यानंतर दीडेक वर्षाने डोकं जड वाटत होतं म्हणून त्यांच्याकडे गेले. एकवीस पायऱ्या चढले. वर स्टूल रिकामं. आत टेबलावर एक पत्र आणि ते मासिक, शेवटचं पान उघडं.

"बसा मावशी. अभ्यास संपला. कोणाला काय होतं ते आता उघड केलंय." त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं आणि मग आठवलं की ते इंग्रजीत आहे. "तुमच्या चौघी. थोरली, नुसती गोळी. धाकटी, नुसती गोळी. जयाबेन, नुसती. मार्सेलीनबाय, नुसती."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या दिवसापासून चारही बाटल्यांत काहीच नव्हतं. तुम्ही काही नाही यात काही नाही मिसळून त्याचे चार वाटे घालत होतात."

"आणि पायऱ्या? त्या कशा वाढल्या?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. मान नेहमीसारखी ताठ.

मला एवढाच हिशेब लागला की वाटे घातल्याने अभ्यासाचं काडीचंही बिघडलं नव्हतं. जिची तिला गोळी दिली असती तरी तेच झालं असतं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं, तर कोणाचं काही वाईट झालं नसतं. आणि तुमचं नाव इथे असतं." मी मासिकावर बोट ठेवलं. मुंगीएवढी अक्षरं, भरगच्च, दोन नावांच्या मध्ये साधी फटही नाही.

"असतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता तरी वाईट वाटतंय का?"

त्यांनी प्रेशरचं मशीन पुढे ओढलं. हात पुढे करा म्हणाले आणि माझ्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला. फुगवला. आकडा बघितला आणि सोडला.

"रागात मोजलेलं धरत नाही," म्हणाले. "बाहेर बाकावर बसा. शांत झालात की सांगा."

मी बाहेर बसले. एक पेशंट आला, गेला. दुसरा आला, गेला. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा बाहेर बसवलं. मधे स्वतः केलेला चहा आणून दिला, तो मी प्यायले. खालच्या दुकानातून पापडीचा वास येत होता. पाचव्यांदा मोजलं तेव्हा दिवे लागले होते.

"मावशी," ते म्हणाले, "हे रागाचं नाही. हे खरंच वाढलंय."

त्यांनी गोळी लिहून दिली. ती मी अजून घेते.